संघनायकावर भरवसा : स्काऊट चळवळीचे खरे मोल

15 ऑगस्टला शाळेच्या मैदानावर गळ्यात स्कार्फ बांधलेली मुले ध्वजाजवळ ताठ उभी असतात, पाहुण्यांना सलामी देतात आणि कार्यक्रम संपला की स्कार्फ पुन्हा कपाटात जातो. बहुतेक पालकांना स्काऊट-गाईडची ओळख एवढीच असते. एनसीसी, आरएसपी आणि स्काऊट यांत नेमका फरक काय, हे अनेकांना सांगता येत नाही. कवायत, गाठी, शेकोटीची गाणी आणि एखादे प्रमाणपत्र असा काहीसा हिशेब मनात असतो, आणि त्यापुढे क्लासचे वेळापत्रक ठेवले की क्लासचे पारडे जड होते. हा हिशेब चुकतो, कारण त्यात मुख्य गोष्ट धरलेलीच नसते. सहा ते आठ मुलांचा छोटा संघ करायचा, त्यातल्याच एकाला संघनायक नेमायचे, त्या संघावर खरे काम सोपवायचे आणि मोठ्यांनी दोन पावले मागे राहायचे, ही स्काऊटची पद्धत आहे. चळवळीचे सारे मोल या पद्धतीत आहे. ती पाळली गेली तर वाढत्या वयाच्या मुलांना जे हवे असते आणि आज फार क्वचित मिळते ते स्काऊट पथकात मिळते. ती पाळली नाही तर नुसता गणवेश उरतो.

ही पद्धत कुठून आली ते पाहिले की तिचे मर्म कळते. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल 1899 ते 1900 या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग या वेढल्या गेलेल्या गावाचे रक्षण करत होते. वेढा 217 दिवस चालला. माणसे कमी पडत असल्याने गावातल्या मुलांचे एक पथक उभारून निरोप पोचवण्यासारखी कामे त्यांच्याकडे देण्यात आली. विश्वासाने काम सोपवले तर पोरसवदा मुलेही मोठ्या माणसासारखी वागतात, हे निरीक्षण बेडन-पॉवेल यांच्या मनात राहिले. टेहळणीवर त्यांनी सैनिकांसाठी लिहिलेले पुस्तक मायदेशी मुले आणि शिक्षकही वाचू लागल्याचे त्यांना परतल्यावर दिसले. मग ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. उच्चभ्रू खासगी शाळांतली मुले आणि जवळच्या गावांतल्या कामकरी घरांतली मुले असे दोन्ही थर त्यांनी मुद्दाम एकत्र आणले होते. वर्गभेद अत्यंत कडक असलेल्या त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. मुलांचे चार संघ केले, त्यांना लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळा अशी नावे दिली आणि प्रत्येक संघाची पूर्ण जबाबदारी त्याच्या नायकावर टाकली. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक पाक्षिक भागांत निघाले. ते हाती पडताच मुलांनी कुणाची परवानगी न घेता आपापल्या गल्लीत संघ उभे केले आणि मग स्काऊटमास्तर होण्यासाठी मोठी माणसे शोधली. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्याला मुलीही स्काऊटचा वेश करून हजर झाल्या. आम्हालाही हे हवे, हा त्यांचा आग्रह होता. 1910 मध्ये गाईड चळवळ सुरू झाली त्यामागे हा आग्रह होता. आज 170 हून अधिक देशांत स्काऊटची संख्या पाच कोटींच्या वर आहे. या विस्तारामागे संघटनेची शिस्त आहेच, पण पहिली ओढ मुलांची होती.

संघपद्धत प्रत्यक्षात कशी चालते, ते शिबिरातल्या एका सकाळी पाहता येते. संघातला सर्वांत लहान दहा-अकरा वर्षांचा असतो आणि नायक पंधरा-सोळाचा. पाणी कोण आणणार, सुके सरपण कोण शोधणार, तांदूळ किती घ्यायचा, हे नायक आपल्या संघाशी बोलून ठरवतो. सरपण ओले निघाले तर चूल पेटत नाही आणि जेवण उशिरा होते. भात कच्चा राहिला तर तो त्याच मुलांना खावा लागतो. इथे शिक्षा कुणी करत नाही आणि गुणही कुणी कापत नाही. चुकीचा परिणाम समोर येतो आणि दुसऱ्या दिवशी तीच मुले कामाची वाटणी बदलतात. गाठींचेही तसेच आहे. रीफ नॉट बांधताना आधी डावे टोक उजव्यावर आणि मग उजवे डाव्यावर न्यावे लागते. दोन्ही वेळा एकाच बाजूने नेले तर गाठ दिसायला जवळजवळ तशीच दिसते, पण ताण आला की सरकते. गळ्यातला त्रिकोणी स्कार्फ सोडून जखमीचा हात गळ्यात अडकवताना हीच गाठ लागते, कारण ती चपटी बसते, अंगाला टोचत नाही आणि सोडायलाही सोपी असते. अकरा वर्षांच्या मुलाला ही गाठ बहुधा तेरा वर्षांचा मुलगा शिकवतो. शिकणाऱ्याला ती येते आणि शिकवणाऱ्याला ती कायमची पक्की होते. रोलंड फिलिप्स या तरुण स्काऊट कार्यकर्त्याने 1914 मध्ये संघपद्धतीवर जे छोटे पुस्तक लिहिले त्याचा गाभा हाच होता: संघ ही पथकाच्या सोयीसाठी केलेली विभागणी नाही, संघ हेच खरे एकक आहे आणि पथक अशा संघांमुळे उभे राहते. म्हणून संघनायकांची स्वतंत्र सभा असते, तिथे कार्यक्रम ठरतात, तक्रारी ऐकल्या जातात आणि स्काऊटमास्तर सल्ला देण्यापुरता बसतो.

आजच्या मुलांच्या दिवसाशी हे ताडून पाहिले म्हणजे या पद्धतीचे महत्त्व लक्षात येते. शाळेत मूल आपल्याच वयाच्या मुलांत असते, क्लासमध्येही तेच. घरी एक किंवा दोन भावंडे. चुलत-मावस भावंडांच्या गोतावळ्यात किंवा वाड्यातल्या, चाळीतल्या पोरांच्या टोळीत मोठ्याने धाकट्याला सांभाळायचे आणि धाकट्याने मोठ्याचे पाहून शिकायचे, हे जे सहज घडत असे ते आता शहरात तर नाहीच, गावातही कमी झाले आहे. शिवाय दिवसाचा जवळजवळ प्रत्येक तास कुणातरी मोठ्या माणसाने आखून दिलेला असतो. चौदा वर्षांच्या मुलाकडून आपण त्रिकोणमितीची अपेक्षा करतो, पण सहा जणांचे जेवण, त्यांचे सामान आणि त्यांची सुरक्षितता यांचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर येऊ देत नाही. मग अठराव्या वर्षी परगावी वसतिगृहात पाठवतो आणि त्याने एकदम जबाबदार व्हावे असे म्हणतो. जबाबदारी पेलण्याची सवय भाषणाने लागत नाही. लहान जबाबदारी आधी पेलली की मोठी पेलता येते. स्काऊटच्या प्रथम सोपानापासून तृतीय सोपानापर्यंत आणि पुढे राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतची रचना या सवयीसाठी आहे. तिथे मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी होत नाही. पायरी चढण्याचा वेग ज्याचा त्याचा असतो.

हे सारे तर्काला पटले तरी त्याचा परिणाम खरोखर होतो का, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर चांगल्या दर्जाचा पुरावा उपलब्ध आहे. मार्च 1958 मधल्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा अभ्यास संशोधक त्यांच्या जन्मापासून करत आले आहेत. एडिंबरा आणि ग्लासगो विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्यातल्या जवळजवळ दहा हजार जणांची माहिती तपासून 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे 28 टक्के लोक लहानपणी स्काऊट किंवा गाईड होते. वयाच्या पन्नाशीत या गटात चिंताविकार व मनोवस्थेचे विकार असण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी आढळली. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. गरीब घरांत वाढलेल्यांचे मानसिक आरोग्य सधन घरांत वाढलेल्यांपेक्षा सरासरीने वाईट असते, हे अनेक देशांत दिसते. पण स्काऊट-गाईड झालेल्यांमध्ये ही दरी जवळजवळ बुजलेली दिसली. ज्याच्या घरी कमी आहे त्याला या चळवळीतून जास्त मिळाले, असा त्याचा अर्थ आहे. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या रिचर्ड लर्नर आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया परिसरातली सुमारे 1,800 कब (म्हणजे लहान वयोगटातली स्काऊट) मुले आणि स्काऊटमध्ये नसलेली सुमारे 400 मुले यांची अडीच वर्षांच्या आसपास पाहणी केली. सुरुवातीला दोन्ही गटांत स्वभावाच्या दृष्टीने फरक नव्हता. पुढे कब मुलांच्या उत्तरांत मदत करण्याची वृत्ती, ममत्व, विश्वासूपणा आणि भविष्याबद्दलची आशा वाढत गेली, आणि जी मुले जास्त काळ टिकली त्यांच्यात ही वाढ अधिक होती.

यावर जाणकार वाचक लगेच म्हणेल की चांगल्या घरांतली, उत्साही पालकांचीच मुले स्काऊटमध्ये जातात, मग फरक स्काऊटचा की घराचा? आक्षेप बरोबर दिशेने आहे. या दोन्ही अभ्यासांत चिठ्ठ्या टाकून मुले निवडलेली नव्हती, त्यामुळे गणितासारखी सिद्धता त्यांतून मिळणार नाही. टफ्ट्सच्या अभ्यासात तर मुलांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवर भिस्त आहे. तरीही दोन गोष्टी या आक्षेपाने उडत नाहीत. ब्रिटिश संशोधकांनी बालपणीची सामाजिक स्थिती हिशेबात धरली होती, आणि फायदा गरीब घरांतून आलेल्यांत ठळक दिसला; केवळ सुस्थित घरांचा प्रभाव असता तर चित्र उलट दिसायला हवे होते. अमेरिकेत आरंभी दोन गट सारखे होते आणि फरक नंतर पडत गेला. शिवाय हा परिणाम ज्या मार्गाने घडत असावा तो मार्ग ओळखीचा आहे: मोकळ्या हवेत हालचाल, आठवड्यागणिक टिकणारे मैत्र, आपल्यावाचून संघाचे अडते ही जाणीव. मानसिक आरोग्याला या गोष्टी पोषक असतात, हे वेगवेगळ्या दिशांनी झालेल्या संशोधनातून पुन्हा पुन्हा समोर आले आहे.

दुसरा आक्षेप लष्करीपणाचा. जनक सेनानी, अंगावर गणवेश, ओठांवर प्रतिज्ञा, हाताने सलामी. मग ही मुलांना सैनिक बनवण्याची शाळाच नाही का? आपल्याकडची एनसीसी 1948 च्या कायद्याने स्थापन झाली आणि ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तिचे काम वेगळे आहे आणि त्यालाही स्थान आहे. स्काऊट ही स्वतंत्र, स्वयंसेवी संघटना आहे आणि तिच्या अभ्यासक्रमात शस्त्र नाही. पण यापेक्षा बोलका पुरावा विसाव्या शतकाचा इतिहास देतो. सोव्हिएत राजवटीने स्काऊट पथके बंद पाडली आणि 1922 मध्ये आपली पायोनियर संघटना काढली. मुसोलिनीच्या इटलीत 1920 च्या दशकाच्या अखेरीस स्काऊट संघटना मोडल्या गेल्या, कारण मुलांवर फक्त राज्याच्या संघटनेचा हक्क मानला गेला. हिटलरच्या जर्मनीत हिटलर युथखेरीज दुसऱ्या युवक संघटनेला जागा उरली नाही. गणवेश, ध्वज आणि संचलन या साऱ्यांनाही हवेच होते. पायोनियर मुलांच्या गळ्यातही स्कार्फच होता. हुकूमशहांना खुपले ते आतले काहीतरी: आपल्या संघाचे आपण ठरवणारी, परदेशातल्या स्काऊटला भाऊ मानणारी मुले. व्याप्त पोलंडमध्ये बंदी असतानाही स्काऊट भूमिगत राहिले आणि 1944 च्या वॉर्सा उठावात वेढलेल्या शहराचे टपाल वाहून नेण्याचे काम स्काऊट मुलांनी केले. मुलांवर अशी वेळ यावी असे कुणालाही वाटणार नाही. पण सवय आज्ञापालनाची लागली होती की स्वतः विचार करून पुढे होण्याची, याचे उत्तर त्या बंदीत आणि त्या धैर्यात मिळते.

तिसरा आक्षेप आपल्या देशाशी थेट जोडलेला आहे: हे तर साम्राज्याचे रोपटे. ते खरेच तसे आले. 1909 मध्ये बंगळूरला पहिले पथक निघाले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होते. सरकारला भीती अशी की या शिक्षणाने मुले पुढे क्रांतिकारक होतील. ही भीती म्हणजे या पद्धतीच्या ताकदीला मिळालेली पावतीच म्हणायला हवी, आणि आपल्या नेत्यांनी ती तशीच वाचली. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साथीने मद्रासमध्ये भारतीय मुलांसाठी स्वतंत्र स्काऊट संघटना उभी केली. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीची स्काऊट संघटना 1918 मध्ये स्थापन केली आणि मेळ्यांतल्या सेवेशी स्काऊटचे नाते जोडले. मध्य प्रांतात नागपूरचे व्हिव्हियन बोस यांनी या कामाला अनेक वर्षे दिली. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. 1937 मध्ये भारतीयांच्या चारित्र्याविषयी बेडन-पॉवेल यांनी काढलेल्या उद्गारांनी मोठा क्षोभ झाला आणि त्यातून हिंदुस्थान स्काऊट असोसिएशनला बळ मिळाले. जनकाचे मत न मानता त्याची पद्धत मात्र आपली करून घेण्याचा विवेक त्या पिढीने दाखवला. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संघटना झाली आणि पुढच्या वर्षी गाईडही तीत आल्या. जगभरच्या गाईड चळवळीच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र 1966 पासून पुण्यात आहे. स्वराज्य चालवायला शिकलेली मुले हवीत, हा बेझंट आणि मालवीय यांचा विचार होता, आणि आजच्या लोकशाहीलाही तो तितकाच लागू आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मुलांच्या सुरक्षिततेचा आहे आणि त्याला घाईने उत्तर देता येत नाही. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स संघटनेत कित्येक दशके मोठ्या माणसांनी मुलांचे लैंगिक शोषण केले आणि ते दडवले गेले. 2020 मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा 82 हजारांहून अधिक पीडितांनी दावे दाखल केले. भरपाईचा निधी 2.4 अब्ज डॉलरच्या घरात गेला. मुलांना घरापासून दूर नेणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा धडा लागू आहे, मग ते क्रीडा शिबिर असो, वसतिगृह असो की ट्रेक. कोणत्याही मुलाबरोबर एकटा प्रौढ कधीच नसावा, नेमणुकीआधी चौकशी व्हावी, तक्रार संस्थेच्या बाहेर करता यावी, हे नियम असलेच पाहिजेत आणि पालकांनी ते विचारलेच पाहिजेत. इथेही संघपद्धतीशी इमान राखणे मुलांच्या बाजूचे ठरते. ज्या पथकात सारी सत्ता एका मोठ्या माणसाच्या हाती एकवटते तिथे गैरवापराला आडोसा मिळतो. ज्या पथकात मुले नेहमी संघाने वावरतात आणि संघनायकांच्या सभेत मोकळेपणी बोलण्याची त्यांना सवय असते तिथे काही खटकले तर ते बोलून दाखवणे सोपे जाते. मात्र ही सवय मोठ्यांच्या नियमांची जागा घेऊ शकत नाही, दोन्ही हवेत.

राहतो वेळेचा आणि कागदी कारभाराचा प्रश्न. स्काऊट अनेक शाळांत अहवालापुरते आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘खरी कमाई’ हा आपल्या शाळांतला जुना आणि सुंदर उपक्रम घ्या. मुलांनी स्वतः कष्ट करून थोडे पैसे मिळवावेत आणि श्रमाची किंमत जाणावी, हा त्याचा हेतू. पण भेळ आईने कालवली, दुकान शिक्षकांनी मांडले आणि मुलाने फक्त स्टॉलमागे उभे राहून फोटो काढून घेतला, तर त्यात त्याची कमाई कुठे आहे? तोच उपक्रम संघावर सोपवला, माल किती घ्यायचा, भाव काय ठेवायचा, उरले तर काय करायचे हे मुलांना ठरवू दिले, थोडा तोटा सोसू दिला, तर एका दुपारी ते व्यवहाराचा पाठ शिकतील. त्यासाठी जादा तास लागत नाहीत, महागडे साहित्यही लागत नाही. लागतो तो मुले चुकत असताना हात मागे बांधून उभे राहण्याचा मोठ्यांचा संयम, आणि आपल्या शाळांत तुटवडा आहे तो त्याचाच. शिक्षकांवर इतर कामांचा बोजा असतो, एखादी दुर्घटना झाली तर जबाब त्यांना द्यावा लागतो, त्यामुळे सगळे आपल्या हातात ठेवण्याकडे त्यांचा कल होतो हे समजण्यासारखे आहे. म्हणून मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहायला हवे. कच्चा भात खाऊन आलेल्या मुलाच्या तक्रारीवर शाळेत जाऊन भांडण्याऐवजी पुढच्या वेळी काय करशील, एवढे त्याला विचारायला हवे.

आपल्या मुलाच्या शाळेतले पथक कितपत जिवंत आहे हे जाणून घ्यायला पालकांना गणवेश किंवा पदके मोजायला नकोत. मुलाला तीन प्रश्न विचारावेत: तुझ्या संघात कोण कोण आहे, तुमचा संघनायक कसा निवडला, आणि गेल्या महिन्यात तुम्ही मुलांनी स्वतः काय ठरवले? तिन्ही प्रश्नांची उत्तरे भराभर आली तर आठवड्यातले स्काऊटचे दोन तास क्लासच्या कुठल्याही तासापेक्षा कमी मोलाचे नाहीत, असे खुशाल समजावे. उत्तरे आली नाहीत तर मुलाचे नाव काढून घेण्याआधी शाळेकडे संघपद्धतीची मागणी करावी. ही पद्धत शंभराहून अधिक वर्षांची आहे आणि तिला सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. एक मैदान, थोडी दोरी, एक विश्वासू शिक्षक आणि आठ मुलांवर टाकलेला भरवसा एवढे जमले तर ती उद्यापासूनही सुरू होऊ शकते.